सव्वा एकोणीस कोटींचं वळण

॥ श्री जगन्नाथ शरण ॥

तालचेर,
माघ महिना, गुरुवार

परमपूजनीय भाइना यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, टुकुनाचा, साष्टांग प्रणाम.

तुमची साखर आता कितीवर आहे? माझ्या बहिणीचे, अपाचे, गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात अपाने लिहिलं होतं की तुम्ही चोरून रसगुल्ला खाता आणि पाक शर्टाला पुसता. मी विश्वास ठेवला नाही (शर्ट कोणता ते मात्र तिने लिहिलं होतं). महाप्रभूंच्या कृपेने माझी प्रकृती ठणठणीत आहे. भूक नाही, झोप नाही, आणि कोणी "काय रे, बरा आहेस ना?" म्हणून विचारलं की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण ताप नाही, खोकला नाही, आणि आपल्या घराण्यात एवढ्याला बरं असंच म्हणतात.

पत्र लांबणार आहे. जेवण झाल्यावर वाचा आणि अपाला मोठ्याने वाचून दाखवू नका. काही भाग गाळावे लागतील, ते मी कंसात सांगत जाईन.

दोन वर्षांपूर्वी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा आपल्या सगळ्या केंद्रापडा जिल्ह्यात तुम्ही एकट्यानेच मला शिव्या घातल्या नाहीत. प्राध्यापकांनी माझा आराखडा वर्गासमोर फाडला, माझं डोकं फिरलं, मी हातातली टी-पट्टी खिडकीबाहेर भिरकावली, आणि ती त्यांच्याच नव्या स्कूटरच्या आरशावर जाऊन बसली. यात माझा नेम नव्हता हे फक्त तुम्हाला पटलं. मग तुम्ही ओळख काढून मला या ठेकेदाराच्या तालचेरच्या कचेरीत, पट्टनायकबाबूंच्या हाताखाली चिकटवलंत. या उपकाराबद्दल मी जन्मभर तुमचे पाय धरीन, आणि याच उपकाराबद्दल जन्मभर तुम्हाला क्षमा करणार नाही.

काम असं, की खाणीतला कोळसा ट्रकांनी न नेता फिरत्या पट्ट्यावरून तेरा किलोमीटर लांबच्या वीजकेंद्रात न्यायचा. त्याचा आराखडा काढायचा आणि खर्च मांडायचा. तुम्ही भुवनेश्वरात पंख्याखाली बसून असलेच आराखडे लाल पेन्सिलीने तपासत म्हातारे झालात, तेव्हा तुम्हाला पट्टा शिकवणं म्हणजे अपाला डालमा रांधायला शिकवणं. तरी मला काय शिकवलं गेलं ते ऐका, कारण माझ्या सत्यानाशाचं सगळं सामान त्यात आहे. पहिल्याच दिवशी पट्टनायकबाबूंनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारून विचारलं, "तेरा किलोमीटरला पट्टा किती लागेल?" मी म्हटलं, तेरा. "गाढवा, सव्वीस. गेलेला पट्टा परत नको यायला? जाताना अंगावर कोळसा, येताना रिकामा, आणि तोही खालच्या अंगाने, उलटा लटकत." मग म्हणाले, किलोमीटरला तीन हजाराच्या वर रोलर बसतात, आणि पट्टा रिकामा फिरला तरी ते सगळे फिरवायला वीज लागतेच, नवशिके ही रिकाम्याची वीज धरायला हमखास विसरतात. (रिकामं फिरायला किती ताकद लागते हे आज मी त्यांना शिकवीन.) आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पट्टा सरळ धावतो. वळवायचा म्हणजे तिथे तो संपवायचा, चार-पाच मजली मनोरा बांधायचा, कोळसा वर चढवून दुसऱ्या पट्ट्यावर ओतायचा, त्याला वेगळी मोटर, वेगळी माणसं, धूळ बसवायला पाण्याचे फवारे. "कोळशाला पडायला आवडत नाही रे," पट्टनायकबाबू म्हणाले. "दर वेळी पडला की त्याचा भुगा होतो. जितकी वळणं तितके मनोरे. म्हणून तू आपली रेघ सरळ मार, आणि मध्ये काय येतं ते बघत बसू नकोस."

मी बघत बसलो.

मध्ये आंबडिहा गाव येतं. आखणीच्या खुंट्या ठोकायला मी तिथे गेलो तो नेमका रजसंक्रांतीचा दिवस. रजाचे तीन दिवस भुईला विश्रांती, तिला कुदळ लावायची नाही, हे मला आईच्या दुधातून ठाऊक आहे. पण ठेकेदाराला घाई होती, आणि मला तर कॉलेज सोडल्यापासून देव, धरणी आणि प्राध्यापक या तिघांवरही राग होता. मी खुंटी टेकवली, हातोडा उचलला, आणि वरून आवाज आला, "ओ ताडाचं झाड! भुई निजलीय तीन दिवस. एवढीच हौस असेल तर ती खुंटी स्वतःच्या डोक्यात ठोका, तिथे पीक नसेलच काही!" वरून म्हणजे आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावरून. ही वाक्यं झोका पुढे येताना सुरू झाली आणि मागे जाताना संपली. नवी साडी, पायाला अळता, तोंडात पान. (इथून अर्धं पान अपाला नको.) तिचं नाव प्रियंबदा प्रधान, घरात झुनू म्हणतात. मी हातोडा खाली ठेवला तो अजून सापडलेला नाही. थोड्या वेळाने तिच्या आईने शालाच्या पानात गुंडाळून रजाच्या गोड पोडपिठ्याचा तुकडा आणून दिला आणि मी तो खुंट्यांच्या पिशवीवर बसून खाल्ला. त्या तुकड्यात गूळ किती होता ते सांगू शकतो, खुंट्या किती होत्या ते नाही.

त्यानंतरच्या चार महिन्यांत आंबडिह्याचे चढउतार मी जितक्या वेळा मोजले, तितके हिमालयाचे कोणी मोजले नसतील. एकट्या प्रधानांच्या विहिरीचा काठ अकरा वेळा मोजला आणि अकरा वेगवेगळी उत्तरं आली (ती तिथे पाणी भरत असायची). तिच्या वडिलांना, हाडिबंधु प्रधानांना, मी दुसऱ्याच दिवसापासून मउसा म्हणू लागलो आणि आईला मउसी. काय माणसं, भाइना! दुपारी गेलो की आंबवलेल्या पाणभाताचा पखाळ, त्यावर कुटलेल्या सांडग्यांचा बडीचुरा, तळलेले छोटे मासे, वर कांदा आणि हिरवी मिरची. मी जेवत असताना मउसा समोर बसून घराकडे बघायचे, आंब्याकडे बघायचे, आणि हळूच विचारायचे, "बाबू, रेघ आमच्यावरूनच जाते ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मउसी माझं गोत्र विचारायची, जन्मनक्षत्र विचारायची, घरी जमीन किती राहिली ते विचारायची. मी सांगितलं, आमची सगळी समुद्राने खाल्ली. "अरेरे," ती म्हणाली, "म्हणजे गावी परत जायची फारशी ओढ नसेल." मला वाटलं, कळवळा. आणि झुनू? ती एकदा शेतावरच्या पंपाची मोटर उघडून बसली होती, कोपरापर्यंत ग्रीस. म्हणाली, "अंगुळला आयटीआय केलंय मी, इलेक्ट्रिशियन. पहिली आले होते." मी हे ऐकलं नाही, कारण त्या वेळी मी तिच्या कोपरावरच्या ग्रीसवर चार ओळी जुळवत होतो.

श्रावणात मउसांनी घरामागे सागाची साठ रोपं लावली. वीत-वीतभर अंतरावर. भाद्रपदात गोठ्याला लागून विटांच्या दोन खोल्या बांधल्या, त्यांना दारं नव्हती. मग परसात एक खड्डा खणून त्यात बादलीभर मासे सोडले. मी बांधावर उभा राहून बघायचो आणि मला भडभडून यायचं. उद्या सगळं उखडलं जाणार, आणि हा म्हातारा आज रोपं लावतोय! पुढे गावात कंपनीच्या साहेबापुढे सभा झाली. मउसांनी शर्टाची बटणं तोडून छाती उघडी केली आणि ओरडले, "सात पिढ्यांची माती आहे ही! पट्टा न्यायचा तर या छातीवरून न्या!" ढोल वाजले, बायकांनी जिभा हलवून हुळहुळीचा गजर केला. साहेब जांभई देत होता. सगळ्या सभेत रडणारा मी एकटा होतो, आणि मी तर ठेकेदाराचा माणूस.

भाइना, माझा दोष एवढाच, की मी समुद्रकाठचा. आमच्याकडे जमीन जाते ती पाण्यात. बाबांचं खळं गेलं तेव्हा ते बांधावर उभे राहून लहान मुलासारखे रडले, हे तुम्ही पाहिलंय; तुमचं लग्न त्याच वर्षीचं. समुद्र काही अर्ज मागवत नाही, सभा घेत नाही, बदल्यात काही देत नाही. जमीन जाताना माणूस रडतो, एवढंच मला माहीत. कोळशाच्या मुलखात माणूस का रडतो याचा अभ्यासक्रम कॉलेजात नव्हता (असेल तर तो माझ्या न झालेल्या शेवटच्या वर्षाला असेल).

कार्तिकात मी रेघ वाकवली.

प्रधानांच्या घराच्या अर्धा किलोमीटर आधी ती दक्षिणेला काढली, शेजारच्या गोलख साहूच्या शेतावरून नेली आणि पुढे पुन्हा मूळ रेघेला आणून मिळवली. तीन वळणं, तीन मनोरे. कारण काय लिहायचं? लिहिलं की सरळ रेघेखाली इंग्रजांच्या काळातली जुनी खाण आहे, जमीन आतून पोकळ, पाया धरणार नाही. पट्टनायकबाबूंनी चष्म्यावरून बघितलं. "पोकळी? कोणी सांगितलं?" मी म्हटलं, भोकं पाडून बघितलं. (एकही पाडलं नव्हतं.) त्यांनी खर्चाचा रकाना वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. सव्वा एकोणीस कोटी जास्त. मी राजीनाम्याची भाषा मनात तयार ठेवली होती, कडक. ते उठले, आणि मला मिठी मारली. ठेकेदाराचा टक्का एकूण खर्चावर असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. "तीस वर्षं झाली या धंद्यात," ते म्हणाले, "पण इतकी सुंदर पोकळी मी पाहिली नाही." कचेरीत पेढ्यांसारखा छेनापोड वाटला गेला. माझा पगार वाढला. बाकीची पोरं मुलीसाठी काचेच्या बांगड्या आणतात. मी तीन मनोरे आणले, तेही दुसऱ्याच्या खर्चाने, म्हणून दुसऱ्या दिवशी छाती काढून आंबडिह्याला गेलो.

मउसा जेवत होते. माझंही पान मांडलं गेलं. मी म्हटलं, "मउसा, आता काळजी सोडा. तुमचं घर वाचवलं मी. रेघ गोलखच्या शेतातून वळवली."

मउसांचा घास ताटात पडला. "कोणी सांगितलं होतं तुला?" (बाबूवरून एकदम 'तुला'वर आले, तेव्हाच मी उठायला हवं होतं.)

"कोणी सांगायला कशाला हवं? तुमच्या डोळ्यांत दिसत होतं."

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे रे, मूर्खा!"

मग जे कळलं ते असं. ज्याचं घर आणि शेत पूर्ण जातं, त्याच्या घरातल्या एकाला खाणीत कायमची नोकरी मिळते. अर्जावर वारसाचे तीन रकाने असतात: मुलगा, मुलगी, जावई. प्रधानांना मुलगा नाही. चार महिने मी जो पखाळ खाल्ला तो तिसऱ्या रकान्याचा होता. "मग तुझं नक्षत्र काय हिने लोणचं घालायला विचारलं?" मउसा ओरडले. मी म्हटलं, पण सागाची रोपं? "झाडामागे भरपाई मिळते! वीतभर अंतरावर साग जगवायला लावतं का कोणी?" आणि सभेत छाती? "सभेत असंच बोलायचं असतं! हसत हसत जमीन द्यायला निघालो तर कंपनी भाव पाडेल, आणि शेजारी नजर लावतील ते वेगळंच. एवढं पोराटोरांना कळतं, आणि तू सरकारी नकाशे काढतोस!" मउसीने माझ्या पुढ्यातलं पान उचललं. दारापर्यंत आली. म्हणाली, "पाणी पिऊन जा. उन्हाचं जायचंय."

आता गोलखचं ऐका. हा गोलख साहू तीन वर्षं घरी बसून मोबाईलवर क्रिकेट बघणारा. माझा मधला मनोरा बरोबर त्याच्या गोठ्यावर येतो. पुढच्या सभेत त्याचा बाप मउसांपेक्षा जोरात रडला (बनियनही फाडला), आणि नोकरी गोलखच्या नावे ठरली. मार्गशीर्षात मउसांनी झुनूचा शब्द त्याला दिला. फाल्गुनात लग्न. तो मला रस्त्यात भेटला, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "टुकुनाभाई, माझ्या जन्माचं सोनं केलंत. वरातीत पुढे नाचायचं हं!" मी त्याला मारलं नाही. मारायला हात उचलला होता, पण तो त्याने धरलेला होता.

झुनूला गाठायला मी विहिरीवर गेलो (पुढचं अपाला नकोच). मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "रेघ बाबांसाठी वाकवली, माझ्यासाठी वाकवली, असं सांगत फिरताय म्हणे. मी काय कोळसा आहे? इथून उचलायचा, तिथे ओतायचा? अकरा वेळा विहीर मोजलीत. एकदा विचारलं असतंत, झुनू, तुला काय हवंय, तर काय तुमच्या मोजणीच्या यंत्राची काच फुटली असती?" मी म्हटलं, आता विचारतो. ती म्हणाली, "आता कळशी भरली." आणि गेली.

तर अशी इकडची खुशाली. नाराज होऊ नका, माझी काळजी करू नका, आणि साखर तपासत राहा. अपाला नमस्कार, भाचीला, पिंकीला, दोन गोड पापे. पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
टुकुना (सनातन जेना)

ता. क. खरं तर एका बारीकशा कामासाठी हे पत्र. आमचा आराखडा येत्या सोमवारी तपासणीला तुमच्याच टेबलावर येतोय. सत्तेचाळिसावं पान उघडा. तिथली पोकळी खोटी आहे. लाल पेन्सिल घ्या आणि तिन्ही मनोरे उडवा, रेघ सरळ करा. सव्वा एकोणीस कोटी वाचवल्याबद्दल तुम्हाला बढतीसुद्धा मिळेल.

आणखी ता. क. फाल्गुन लागण्याआधी करा. रेघ सरळ झाली की गोलखची नोकरी गेली, नोकरी गेली की तो जावई राहत नाही, आणि तिसरा रकाना रिकामा होतो. कोणी विचारलं की खोटी पोकळी कोणाची, तर माझं नाव घेऊ नका. पट्टनायकबाबूंची सही आहे, ते निवृत्तीला आलेत, त्यांना चालेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फाडून लिहितोय. आता दुपारी झुनू आमच्या कचेरीत आली होती. एकटी, सायकलवर. तिने पट्टनायकबाबूंच्या टेबलावर गावाचा अर्ज ठेवला: जमीन पोकळ नाही, आमच्या आजोबांची तीन घरं त्यावर उभी आहेत, सगळ्यांसमोर भोकं पाडून दाखवा. पन्नास सह्या, पहिली तिची. सोबत वारसाचा अर्ज, त्यात दुसरा रकाना भरलेला: मुलगी, प्रियंबदा प्रधान, इलेक्ट्रिशियन. गोलखला तिने कळवून टाकलंय की लग्न मोडलं, तुझं मनोऱ्याशी जमेल. पट्टनायकबाबूंचं पान गालातच राहिलं. "पोकळीची नोंद कोणी केली?" त्यांनी सगळ्या कचेरीला विचारलं. तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघून गप्प उभी राहिली. ती बोलली असती तर मी भांडलो असतो, भाइना. ती बोलली नाही, म्हणून मला उठावं लागलं. महिनाअखेर माझी नोकरी संपते.

तेव्हा वरचा ता. क. खोडा. लाल पेन्सिल चालवाच, पण बाजूला माझं पूर्ण नाव लिहा, सनातन जेना, आणि पट्टनायकबाबूंना फसवलं गेलं असं लिहा. (छेनापोड त्यांनीही खाल्ला होता, पण ते राहू दे.) आणि जमलं तर माझ्या कॉलेजात विचारून बघा, शेवटच्या वर्षाला परत घेतील का. आरसा भरून देईन.

मी बाहेर तिच्या सायकलीपर्यंत गेलो आणि विचारलं, "आणि जावयाचा रकाना?" ती म्हणाली, "आडवी रेघ मारली त्यावर. सरळ." मग पायडल मारता मारता थांबली. म्हणाली, "घर पाडायच्या दिवशी मात्र या. आंब्यावरचा झोका सोडवायचा आहे, उंच माणूस लागतो."

ती तारीख तुमच्या लाल पेन्सिलीनंतरच ठरेल. ठरली की एक ओळ टाका. शिडी लागणार नाही म्हणावं.